तीन जानेवारीचा फोन

यंदा तीन जानेवारीला माझा फोन वाजला नाही. दर वर्षी त्या दिवशी मी फोन ओट्यावर पालथा घालून ठेवायची, म्हणजे पडद्यावरचं नाव दिसायला नको. तो वाजायचा, पोळपाटाशेजारी थरथरत जरासा सरकायचा आणि गप्प व्हायचा. मग मी तव्यावरची भाकरी उलटायची आणि माझा दिवस सुरू व्हायचा. यंदा सात वाजले, आठ वाजले, डबे भरून झाले, तरी फोन गप्पच. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. सुटलो एकदाचे, असं मी मनात म्हटलं... आज हे लिहिताना त्या हायसं वाटण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते आहे, कारण त्या सकाळी गुरुजींना जाऊन पाच दिवस झाले होते.

बातमी दिली ती बुधानं. बुधा आमच्याच पाड्यावरचा, शाळेत माझ्या एक इयत्ता पुढे, आता शहापुरात टेम्पो चालवतो. त्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. इतक्या वर्षांत त्यानं मला कधी फोन केला नव्हता, त्यामुळे मी जरा सावरूनच "हॅलो" म्हटलं. तो म्हणाला, "सोमे, आज तुझा दिवस ना, म्हणून केला. या वर्षी गुरुजी नाय करायला." मी विचारलं, म्हणजे काय?  तो म्हणाला, "तुला कोणी सांगतला नाय? गुरुजी गेले गो... आमी समदे जाऊन आलो वैशाखऱ्याला. मला वाटला, तू कामात असशील."

कामात असशील, हे शब्द ध्यानात ठेवा. मला ते पुढे पुन्हा भेटायचे होते.

विशे गुरुजी आमच्या पाड्यावरच्या शाळेत तब्बल अठरा वर्षं होते. डोळखांबच्याही वर, डोंगराच्या कुशीतली दोन खोल्यांची शाळा ती. गुरुजी मुळचे मुरबाडकडच्या वैशाखऱ्याचे, भातशेतीवाल्या घरातले. अंगानं किडकिडीत, शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. चालायला लागले की पोरांना त्यांच्यामागं पळावं लागायचं. आमच्याकडे बदली झाली की शिक्षक आल्या दिवसापासून परतीच्या अर्जाला लागतात. गुरुजींनी तो अर्ज कधी केला नाही. का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं आणि विचारावंसं वाटलं तेव्हा तोंड उरलं नव्हतं.

आमच्या भागात शाळेत नाव घालायला गेलं की जन्मतारीख विचारतात, आणि ती कुणालाच ठाऊक नसते. मग गुरुजी लोक सरळ एक जून लिहून टाकतात. शाळा जूनमध्ये उघडते, वयाचा हिशेब सोपा पडतो, कुणाची तक्रार नसते. त्यामुळे शहापूर-मुरबाडकडे तुम्ही कुठल्याही शाळेचं जुनं रजिस्टर उघडा, पानंच्या पानं एक जूनला जन्मलेली दिसतील. विशे गुरुजींचा स्वतःचाही एक जूनच. ते हसत सांगायचे, "माझ्याबरोबर अर्धा तालुका जन्माला आला रे, आणि एकतीस मेला अर्धा तालुका रिटायर व्हणार. त्या दिवशी एसटीत जागा नाय भेटायची." हसायचे खरे, पण ती गोष्ट त्यांना डाचत असली पाहिजे. आपल्याला जन्माला घालताना कुणी आपल्याकडे नीट बघितलंच नाही, असं काहीतरी. म्हणून त्यांनी ठरवलं होतं, की आपल्या हातानं एकाही पोराचा एक जून लिहायचा नाही.

माझं नाव घातलं तो दिवस मला लख्ख आठवतो. मी सहा वर्षांची. गुरुजी आमच्या अंगणात घोंगडीवर बसले होते आणि आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला वाटलं होतं, हा मास्तर नाव विचारून जाईल. पण गुरुजी उठायलाच तयार नाहीत. पोर झाली तेव्हा शेतात काय होतं? भात उभं होतं की कापलेलं? थंडी होती का? तेव्हा तुम्ही पाड्यावर होता की कामाला बाहेर? आई आधी लाजली, मग खुलली आणि मग थांबेचना. तिला तोवर कुणी इतकं विचारलं नव्हतं. वाराचं मात्र विचारावं लागलं नाही. माझं घरचं नाव सोमी. आमच्यात सोमवारी झालेली ती सोमी, बुधवारी झालेला तो बुधा, मंगळवारची मंगळी. गुरुजींना ही आमची पद्धत फार आवडायची. ते म्हणायचे, तुमच्याकडं कागद नाय, पण निम्मी तारीख तुमी पोराच्या नावातच बांधून ठेवलीत.

शाळेच्या माळ्यावर त्यांनी जुन्या दिनदर्शिकांचा गठ्ठा जपून ठेवला होता. आईनं सांगितलेला हंगाम धरायचा, त्या वर्षाची दिनदर्शिका काढायची, त्या हंगामातले सोमवार शोधायचे. चार-सहा सोमवार निघायचे. आता त्यातला नेमका कुठला, हे देवालाच ठाऊक. इथं गुरुजी आपली मर्जी चालवायचे. त्या चार-सहा दिवसांत कुणी मोठं माणूस जन्मलेलं आहे का ते बघायचे, आणि तो दिवस पोराला द्यायचे. मला तीन जानेवारी मिळाला. कुणाचा दिवस, ते मात्र ते सांगत नसत. हा त्यांचा नियमच होता. नाव तू शोधून काढ, सापडलं की मला येऊन सांग. त्यांचा तो नियम मी या लेखातही पाळते आहे, वाचकांनी रागावू नये. इतकंच सांगते, की आठवडाभरानं मी शाळेच्या भिंतीवरच्या तसबिरी बघत फिरत होते आणि एका तसबिरीखाली मला माझी तारीख, गुरुजींनी पाटीवर गिरवायला दिलेली तीच, दिसली. कपाळावर ठसठशीत कुंकू, डोक्यावरून पदर. अंगावर शेण झेलून पोरींना शिकवायला जाणारी ती बाई. मी धावत जाऊन गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, "मग? त्या दिवशी सूर्य तिच्यासाठी उगवला तसा तुझ्यासाठी पण उगवला. आता बाराखडी म्हण."

सगळ्यांनाच हे असं साजरं वाटायचं असं नाही. रामा आणि लखमा नावाचे जुळे होते. वालाच्या शेंगा काढायच्या दिवसांत झालेले, म्हणून त्यांना बारा फेब्रुवारी मिळाला होता. त्या तारखेला, एकाच वर्षी, दोन मोठी माणसं जन्मली आहेत. एकानं अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं केलं आणि दुसऱ्यानं माणूस आणि माकड एकाच कुळातले असल्याचं जगाला सांगितलं. जुळ्यांना जुळी माणसं दिली म्हणून गुरुजी स्वतःवर भलतेच खूश होते. पण रामा-लखमामध्ये जी जुंपली, ती चौथी पास होईपर्यंत मिटली नाही. दोघांनाही गुलाम सोडवणारा पाहिजे होता, माकडवाला कुणालाच नको. शेवटी गुरुजींनी वर्ष वाटून दिलं, एक वर्ष याचा तो, पुढच्या वर्षी त्याचा. आणि दोन ऑक्टोबरला तर त्यांचं एक ठरलेलं असायचं. त्या दिवशी सगळ्या शाळांत दोन फोटो मांडतात, एक राष्ट्रपित्याचा आणि एक त्याच दिवशी जन्मलेल्या त्या ठेंगण्या, सालस पंतप्रधानांचा. पहिला फोटो मोठा, त्याला हारही मोठा. दुसरा कोपऱ्यात, कधीकधी नुसतंच फूल. गुरुजी दोघांचे हार आधी मापून बघायचे. सारखेच पाहिजेत. म्हणायचे, एका दिवसावर एकाचीच मालकी नसते.

मी शिकत गेले. पाचवीपासून आश्रमशाळा, मग शहापुरात वसतिगृह, कॉलेज. दर तीन जानेवारीला सकाळी गुरुजींचा फोन यायचा, आधी वसतिगृहाच्या ऑफिसात, मग माझ्या मोबाइलवर. माझ्या एकटीलाच नव्हे, प्रत्येकाला त्याच्या त्याच्या दिवशी यायचा. "वाढदिवसाच्या शुभेच्छा" वगैरे काही नाही. एकच प्रश्न, "काय सोमे, अजून कोण सापडला?" म्हणजे त्या तारखेला जन्मलेलं आणखी एखादं मोठं माणूस. कॉलेजच्या वाचनालयात मला एकदा एक सापडला. आदिवासी, विलायतेत शिकलेला, देशाच्या हॉकी संघाचा पहिला कप्तान आणि नंतर देशाची घटना लिहिली जात असताना आपल्या लोकांसाठी उभा राहून बोललेला. मी ते फोनवर एका दमात सांगितलं. मग गुरुजी म्हणाले, "हा मला ठाऊक नव्हता गो. मी तुला एकच दिली होती. दुसरा तू आणलास." त्या दिवशी मी दिवसभर उगाचच हसत होते.

आणि मग मला नोकरी लागली. तालुक्याच्या एका कचेरीत, कारकून म्हणून. तिथं मी सुमन होते, सोमी कुणालाच माहीत नव्हती. आमचं बोलणं माझ्या तोंडातून मी खरवडून काढलं होतं. कुणी गाव विचारलं तर मी "डोळखांब साइडला" इतकंच सांगायची. भात झोडून झालं की आमची माणसं वीटभट्टीवर जातात, आणि माझा जन्म अशाच एका भट्टीवरच्या झोपडीत झाला, हे तर मी नवऱ्यालासुद्धा लग्नानंतर दोन वर्षांनी सांगितलं. लाज मला फार लवकर शिकता आली. फक्त ती कशाची वाटून घ्यायची, ते शिकायचं राहून गेलं.

नोकरीला वर्षही झालं नव्हतं, अजून कायम व्हायची होते, तेव्हा ते प्रकरण निघालं. बुधा भरतीला गेला होता. धावला, उडी मारली, छाती भरली, सगळ्यात पास. कागद तपासताना कळलं, की वयात सतरा दिवसांनी बाद. बुधाला गुरुजींनी चौदा एप्रिल दिला होता, ज्यानं या देशाची घटना लिहिली त्याचा दिवस. इतर पोरांसारखा एक जून असता तर तो आत बसला असता. कुणीतरी त्याला सांगितलं, तारीख चुकीची नोंदवली आहे असं सिद्ध कर, दुरुस्ती होईल. त्यासाठी तक्रार करावी लागेल. त्याच्या मनात गुरुजींबद्दल काही वाकडं नव्हतं, पण अर्जात लिहावं लागलं, की शिक्षकानं तारीख मनानं घातली. अर्ज वर गेला, चौकशी लागली. गुरुजींच्या हातची सगळी रजिस्टरं मागवली गेली आणि चौकशी करणाऱ्या साहेबांच्या ध्यानात आलं, की एका पाड्यावरची निम्मी पोरं कुठल्या ना कुठल्या जयंतीलाच जन्मलेली आहेत. त्यांना ते हास्यास्पद वाटलं आणि गंभीरही वाटलं. त्यांनी चार-पाच जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं. मी त्याच इमारतीत होते, मला नुसतं वरच्या मजल्यावर जायचं होतं.

साहेब सभ्य होते. त्यांनी विचारलं, तुमची तारीख खरी आहे का? मी घाबरले. माझ्या सेवापुस्तकातही तीच तारीख होती, तीन जानेवारी. गुरुजींची तारीख खोटी ठरली तर माझे कागद पुन्हा तपासले जाणार, कायम होणं लांबणार, कदाचित नोकरीवरच येणार. मला खरं सांगता आलं असतं. गुरुजी आमच्या अंगणात बसून आईला तासभर विचारत होते, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. पण मग आईनं काय सांगितलं तेही सांगावं लागलं असतं, भट्टी, झोपडी, अंगठा उठवणारा बाप. शेजारच्या टेबलावर माझ्याच ऑफिसातल्या दोन बायका बसलेल्या होत्या. मी कागद घेतला आणि जबाब लिहिला. माझी जन्मतारीख माझ्या वडिलांनी घरी लिहून ठेवलेली होती. इतर मुलांच्या तारखा गुरुजी थोर व्यक्तींच्या जयंत्या बघून आपल्या मनाने घालत. दोन वाक्यं. खाली सही. माझ्या बापानं आयुष्यात एक अक्षर लिहिलं नव्हतं, आणि ज्यानं मला अक्षर दिलं त्याच्याविरुद्ध ते मी वापरलं... वळणदार, एकही खाडाखोड नाही.

गुरुजींना ठपका बसला. अहवालाची प्रत फिरत फिरत माझ्या टेबलावरून गेली, तेव्हा मी ती वाचली. "संबंधित शिक्षक आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ कोणताही लेखी पुरावा सादर करू शकले नाहीत." हे वाक्य वाचून मी स्वतःची समजूत घातली, की बघ, पुरावा नव्हताच, तू न बोलतीस तरी हेच झालं असतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना त्यांना आमच्या पाड्यावरून हलवलं, मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका शाळेत. नाव दाखल करायचं काम पुन्हा त्यांच्याकडे दिलं नाही. पाड्यावर नवे गुरुजी आले, भले होते ते, कामाला चोख. त्या वर्षी पहिलीत नऊ पोरं आली आणि नऊच्या नऊ एक जूनला जन्मली. आईनं मला हे सांगितलं तेव्हा मी विषय बदलला.

पुढच्या तीन जानेवारीला मला वाटलं होतं, आता काही फोन येत नाही. गुरुजींना माझा जबाब दाखवलेला असणार, प्रत दिलेली असणार. ते अक्षर त्यांनी ओळखलं नसेल असं होणारच नाही. पण सव्वासातला फोन आला. मी पडद्यावरच्या नावाकडे बघत राहिले. काय सोमे, अजून कोण सापडला, याला मी काय उत्तर देणार होते? फोन बंद झाला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा आला, मी उचलला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. आणि गंमत अशी, की दर वर्षी तो अधिकाधिक लवकर यायला लागला. सव्वासातचा सात झाला, सातचा पावणेसात, गेल्या वर्षी तर सहा वाजताच. मी नवऱ्याजवळ चिडचिड करायची, या म्हाताऱ्याला झोप नाही का म्हणून. नवरा एकदा म्हणाला, घे की एकदा, काय म्हणतात ते तरी बघ. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

गुरुजी गेल्यावर मी लगेच वैशाखऱ्याला गेले, असं मला लिहायला आवडलं असतं. मी गेले ते तेरावं झाल्यावर, मुद्दाम, तिथं आमच्या पाड्याचं कुणी भेटू नये म्हणून. शहापूरहून मुरबाड, मुरबाडहून माळशेजकडे जाणारी एसटी. फाट्यावर उतरून कौलारू घर शोधत गेले. काकी, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, ओसरीवर नाचणी निवडत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं, सुमन. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सोमी ना तू? तीन जानेवारीची." मग मला बसायला सांगून आत गेल्या आणि चहा टाकून, एक वही घेऊन बाहेर आल्या.

हजेरीपटासारखी लांबट, जाड पुठ्ठ्याची वही. प्रत्येक पोराला एक पान. वर नाव, घरचं आणि शाळेचं. त्याखाली "आई काय म्हणाली" असा मथळा आणि खाली त्या त्या आईचे शब्द, तिच्याच बोलीत, जसेच्या तसे. त्याखाली वार, वर्ष, त्या हंगामातल्या निघालेल्या तारखा, आणि त्यातल्या एकीला गोल. मी आधी बुधाचं पान काढलं. "होली झाली व्हती. मोव वेचाया गेलू व्हतू. झाडाखाली पोटात कळ आली. पाटीत मोव, ओटीत पोर घेऊन घरा आलू." त्याखाली मोह फुलण्याच्या दिवसांतले पाच बुधवार आणि चौदा एप्रिलला गोल. म्हणजे बुधाची तारीख मनानं घातलेली नव्हती. फार तर दोन आठवडे इकडे-तिकडे. एक जून ही खोटी तारीख ठरली असती. बुधा सतरा दिवसांनी बाद झाला तो खरेपणानं झाला होता.

मी काकींना विचारलं, ही वही चौकशीत का नाही दाखवली?  ओसरीवरून माळशेजचा रस्ता दिसतो, भाजीच्या गाड्या चढत होत्या, त्यांच्याकडे काकी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी बोलले त्यांना, वही न्या म्हणून. पिशवीत भरून पण दिली. परत काढून ठेवली. म्हणाले, ह्याच्यात सोमीच्या आईचा लिवलेला हाय. वही दिली तर पोरीनं खोटा लिवला ते उघडा पडेल, कायम व्हायची हाय अजून... माझी तर दोनच वर्षं राहिली, माझा काय जातो." हे सगळं त्यांनी कसलाही राग न आणता सांगितलं. चहा निवत होता, तो पी म्हणाल्या.

मी माझं पान काढलं. आईचे शब्द होते. "भात झोडलां न् भट्टीव गेलू. जाऊन म्हैना झाला व्हता. सोमवार व्हता, थंडी लय. इटांच्या आडोशाला झाली. बाप पानी तापवाया गेला, त्याचा हात भाजला." बापाचा हात भाजला होता हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. उजव्या पंजावरचा तो डाग मी लहानपणापासून बघत होते, मला वाटायचं भट्टीचंच काम. तो डाग माझ्या जन्माचा दाखला होता, आणि मी त्या बापाच्या नावावर कागद लिहिणारा एक खोटा बाप उभा केला होता.

मग पानाच्या उजव्या कडेचा रकाना दिसला. वर लिहिलं होतं, "फोन". वर्षावर वर्षं खाली उतरत गेलेली. "उचलला. बारावीचा अभ्यास चालू." "उचलला. हॉकीचा कप्तान सापडला. शाब्बास." या "शाब्बास"ला लाल पेन. "उचलला. नोकरी लागली, आवाज मोठा झाला." त्याच्या खाली चौकशीनंतरचं वर्ष. तिथपासून आठ ओळी. "नाय उचलला. कामात असेल." "नाय उचलला. कामात असेल." "कामात असेल. पुढच्या वर्षी थोडा लवकर करावा." "नाय उचलला. सकाळी डब्याची घाई असेल, अजून लवकर करावा." आणि शेवटची, गेल्या वर्षीची, अक्षर जरा थरथरलेलं. "सहाला केला. नाय उचलला. कामात असेल."

मी रडले, पण त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. आमच्यासारख्यांचं रडणं काम झाल्यावर येतं. बुधाचं मला नंतर कळलं. चौकशीच्या पुढच्याच वर्षी तो पाय धरायला वैशाखऱ्याला गेला होता. गुरुजींनी त्याला जेवायला घातलं आणि उलट म्हणाले, दिवस शोधताना मी भरती धरलीच नाय रे, माझीच चूक. तेव्हापासून बुधा दर चौदा एप्रिलला पहिल्या रिंगला फोन उचलायचा. ज्याचं नुकसान झालं तो गेला. जिचं काहीच झालं नाही ती लपून राहिली. एवढाच आमच्यातला फरक.

म्हणून इथं छापून येईल अशा ठिकाणी लिहिते. त्या चौकशीतला माझा जबाब खोटा होता. माझ्या वडिलांना लिहिता येत नव्हतं. माझी तारीख माझ्या आईनं सांगितली, गुरुजींनी विचारली, आणि पाड्यावरच्या प्रत्येक पोराची तशीच विचारली. याच मजकुराचा अर्ज मी आमच्या साहेबांकडे दिला आहे. त्याचं माझ्या नोकरीवर काय व्हायचं ते होईल. ठपका पुसला जाईल की नाही, मला माहीत नाही. गुरुजींना त्याचा काही उपयोग नाही हे मला कळतं, पण काकी ओसरीवर बसलेल्या आहेत.

वही त्यांनी मला दिली. मी मागितली नव्हती, मागायची छाती नव्हती. म्हणाल्या, "मला वाचता येत नाय. फोन आता कोणी करायचा?" बारा फेब्रुवारीला मी सकाळी सातला रामाला फोन लावला. तो कल्याणला एका गोदामात असतो. मी विचारलं, यंदा माकडवाला कुणाचा, तुझा की लखमाचा? तो म्हणाला, "माझा गो. या वर्षी माझा." मी त्याच्या पानावर लिहिलं, उचलला. आता चौदा एप्रिल येईल.

वही आमच्या स्वयंपाकघरात असते, ओट्याच्या वरच्या फळीवर. फोन आता मी पालथा घालत नाही. माझं पान उघडायला मला बरेच दिवस लागले. यंदाच्या वर्षापुढे मी काहीच लिहिलेलं नाही, ती ओळ त्यांची आहे. पण वरच्या आठ ओळी मी काल दुरुस्त केल्या, लाल पेनानं, जसं ते आमच्या वह्यांत करायचे. प्रत्येक "कामात असेल"पुढे, आठही वेळा, लिहिलं. नव्हते, गुरुजी.